डीओच्या प्रवेश मुलाखतीची तयारी: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, या पदवीच्या प्रवेश मुलाखतीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले हे प्रश्न. अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या पदव्या दोन, एमडी आणि डीओ. बहुतेक पत्रं अशा घरांतली आहेत जिथलं मूल अमेरिकेत जन्मलेलं किंवा ग्रीन कार्डवर आहे, तिथेच पदवी शिकतंय आणि सध्या सुट्टीवर घरी आलंय. मुलाखतींचा हंगाम साधारण ऑगस्टअखेरीपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जागा शेवटी एकदम वाटत नाहीत, मुलाखती होत जातात तशा भरत जातात. म्हणून बोलावणं आल्यावर तयारीला बसणाऱ्यांना वेळ पुरत नाही.

मुलीने एमडी आणि डीओ दोन्हीकडे अर्ज केलाय. ‘डीओच का?’ या प्रश्नासाठी तिने ‘संपूर्ण माणसाचा विचार करणारी पद्धत मला भावते’ असं उत्तर पाठ केलंय. एवढं पुरेल का? (एक पालक, घोडबंदर रोड)

नाही पुरणार. हे वाक्य समोरच्याने त्याच दिवशी चार-पाच जणांकडून ऐकलेलं असतं. शिवाय त्याचा अर्थ असा निघतो की एमडी डॉक्टर माणसाचा विचारच करत नाहीत. पॅनेलवर एमडीही असू शकतात.

आधी माहिती पक्की हवी. ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल स्वतः डॉक्टर होते. 1864 मध्ये मेनिंजायटिसने त्यांची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधोपचारांवरचा त्यांचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यांनी आपला विचार मांडला आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यात कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. आजचा डीओ सर्व 50 राज्यांत पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतो, औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. 2020 पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी संस्था एकच आहे. डीओंची परवाना परीक्षा मात्र वेगळी, कॉमलेक्स. बरेच विद्यार्थी तिच्यासोबत एमडींची परवाना परीक्षा, यूएसएमएलईही देतात. इतिहासात रस असेल तर कॅलिफोर्नियाची हकिगत वाचून ठेवावी. 1962 मध्ये तिथल्या बहुतेक डीओंनी 65 डॉलर भरून एमडी पदवी घेतली आणि नवे डीओ परवाने बंद झाले. ते 1974 मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सुरू झाले. ‘या पेशाचा संघर्ष माहीत आहे का?’ असं विचारलं तर हे उपयोगी पडतं.

ऑस्टिओपॅथीची तत्त्वं चार: माणूस शरीर-मन-चेतना मिळून एक आहे, शरीरात स्वतःला सावरण्याची क्षमता आहे, रचना आणि कार्य एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि उपचार या तिन्हींना धरून हवेत. ही श्लोकासारखी म्हणून दाखवू नयेत. एखाद्या रुग्णावर लावून दाखवावीत. समजा, उजवा गुडघा दुखतो म्हणून बाई आल्या. दोन वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळला होता, तेव्हापासून भार उजवीकडे टाकून चालतात, कंबरही आखडली आहे. डीओ डॉक्टर गुडघ्याचा एक्स-रे काढेलच, पण घोटा, कंबर आणि चालही हाताने आणि डोळ्याने तपासेल. शॅडोइंग करताना, म्हणजे डॉक्टरसोबत राहून त्यांचं काम बघताना, मुलीने असं काही पाहिलं असेल तर तेच तिचं उत्तर. पाहिलंच नसेल तर मुलाखतीआधी ते पाहणं ही खरी तयारी.

डीओ शिकतात त्या हाताने करायच्या उपचारांना पुरावा काय, असा उलट प्रश्न येतो. त्यावर भक्तिभावाने बोलू नये. कंबरदुखीत बरा आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांशिवायच्या पर्यायांत मणक्याच्या मॅनिप्युलेशनचा, म्हणजे हाताने दाब देऊन मणक्याचे सांधे हलवण्याचा, समावेश आहे. कवटीवर हलका दाब देण्याच्या तंत्राचा पुरावा मात्र कमकुवत आहे आणि अनेक डीओ तसं उघड म्हणतात. हा फरक करता येणारा उमेदवार वाचून आलाय हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या मुलांना आयुर्वेद आणि योग मध्ये आणायचा मोह फार होतो. खरोखर वर्षानुवर्षं योग केला असेल तर जरूर सांगावं. नसेल तर पुढच्याच प्रश्नाला गाडी अडकते. ‘आमच्याकडे हाडवैद्य असतात तसंच’ हे तर कधीच बोलू नये.

‘एमडीलाही अर्ज केलाय का?’ याचं उत्तर सरळ ‘हो’ असं द्यावं. दोन्हीकडे अर्ज करणं नेहमीचं आहे, लपवण्याने संशय वाढतो. आणि उत्तराचा शेवट त्या विशिष्ट कॉलेजपाशी यायला हवा. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी वेगवेगळ्या गावांतल्या रुग्णालयांत पाठवले जातात. कोणत्या ठिकाणी, राहण्याची सोय कोणाची, ठिकाण कोण ठरवतं, हे आधी वाचावं आणि जे संकेतस्थळावर सापडत नाही तेच विचारावं.

एमएमआय मुलाखतीची फार भीती वाटते. नेमकं काय होतं? (विद्यार्थिनी, ऐरोली)

मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू ही कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने तयार केलेली पद्धत. साधारण सहा ते दहा स्टेशनं असतात. प्रत्येक ठिकाणी एक प्रसंग वाचायला दोन मिनिटं आणि बोलायला पाच ते आठ. परीक्षक दर ठिकाणी नवा. त्यामुळे तिसरं स्टेशन बिघडलं तर ते चौथ्यावर सोबत नेऊ नका, चौथ्या परीक्षकाला त्याचा पत्ताही नसतो.

एक प्रसंग घेऊ. 78 वर्षांच्या बाईंना कर्करोगाचं निदान झालंय. मुलगा बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणतो, ‘आईला सांगू नका, खचून जाईल.’ तुम्ही डॉक्टर. आपल्या घरांत हे सर्रास होतं, म्हणून इथली मुलं सहज मुलाच्या बाजूने झुकतात. अमेरिकेतले परीक्षक वेगळ्या चौकटीतून बघतात. शुद्धीवर असलेली सज्ञान व्यक्ती हीच रुग्ण, माहिती तिची आणि निर्णयही तिचा. पण म्हणून ‘मी मुलाचं ऐकणार नाही, लगेच सांगणार’ हे उत्तरही कच्चंच.

वाचनाच्या दोन मिनिटांत कागदावर चार शब्द लिहा: कोण, धोका, माहिती, पर्याय. बोलायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात पेच कुठे आहे ते सांगा. एका बाजूला आईचा हक्क, दुसऱ्या बाजूला मुलाची काळजी आणि घराची रीत. मग काय माहीत नाही ते: बाईंना काय कळलंय, त्यांनी आधी काही सांगून ठेवलंय का, भाषेची अडचण आहे का. असेल तर व्यावसायिक दुभाषी हवा, मुलाला दुभाषी करायचं नाही. मग मुलाशी बसून बोलणं, त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते ऐकणं. त्यानंतर आईंनाच विचारणं: ‘तपासण्यांबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? की दुसऱ्या कोणाशी बोलू?’ त्या म्हणाल्या, ‘मुलाशीच बोला,’ तर तो त्यांचाच निर्णय झाला आणि तो पाळायचा. इथे तुमची दोन्ही संस्कृतींची ओळख खरी कामी येते.

दोन चुका नेहमी दिसतात. पहिल्याच वाक्यात निकाल देऊन पुढची सात मिनिटं त्याचं समर्थन करत बसणं, आणि ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं म्हणत कुठेच न पोहोचणं. परीक्षक मध्येच प्रसंग बदलतो: ‘मुलगा खटला भरीन म्हणतोय.’ निर्णय बदलला नाही तरी चालतं, पण त्यामागचं कारण बोलून दाखवायला हवं. सांगायचं संपलं तर थांबा. उरलेली दोन मिनिटं तेच पुन्हा सांगून भरण्यात गुण जातात.

काही स्टेशनवर नट असतो, रडणारा किंवा चिडलेला. तिथे उपाय सांगायची घाई नको, आधी ऐकून घ्या. कुठे फक्त सहकार्य बघतात: एकाने चित्राचं वर्णन करायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. सरावाला मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करा. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा न बघता ऐका. पहिल्यात हातवारे आणि नजर कळते, दुसऱ्यात दर वाक्याला येणारं ‘बेसिकली’. सराव घेणाऱ्यांत किमान एक अनोळखी माणूस हवा, बाबांसमोर कोणी घाबरत नाही.

आणखी एक सवय मोडावी लागेल. आपल्याकडे ‘आम्ही केलं’ म्हणणं ही नम्रता. तिथे परीक्षकाला तुम्ही काय केलं तेच लिहायचं असतं. शिबिर दहा जणांनी घेतलं असेल तर सांगा, पण रुग्णांची नोंदणी ‘मी’ केली असेल तर ‘मी’ म्हणा.

नवी मुंबईत ऑस्टिओपॅथीचं क्लिनिक चालवणारे एक जण ओळखीचे आहेत. त्यांचं शिफारसपत्र चालेल का? आणि इथल्या रुग्णालयात काही दिवस काम करून अनुभव मिळेल का? (नेरूळ)

डीओचं पत्र म्हणून नाही चालणार. अमेरिकेबाहेर ऑस्टिओपॅथ म्हणजे बहुतेक वेळा हाताने उपचार करणारा थेरपिस्ट, डॉक्टर नव्हे. अनेक कॉलेजांना हवं असतं ते अमेरिकेत परवाना असलेल्या डीओ डॉक्टरचं, आणि असं पत्र मिळवायला वेळ लागतो. तिथे शिकणाऱ्यांनी ते तिथेच, सत्र चालू असताना मिळवावं. क्लिनिकमध्ये बसून पाहिलेलं मुलाखतीत सांगायला हरकत नाही, फक्त दोन्ही पेशांतला फरक स्वतःहून सांगावा.

रुग्णालयाचं म्हणाल, तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की नेरूळ-कामोठ्यातली खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, परवानगी लेखी घ्यावी आणि भूमिका फक्त बघण्याची ठेवावी. रांगेत फॉर्म भरायला मदत करा, वाट दाखवा, सोबत बसा. पण ओळखीच्या डॉक्टरांनी ‘घे, एक इंजेक्शन देऊन बघ’ म्हटलं तर नकार द्या. प्रशिक्षण आणि परवाना नसताना परदेशात रुग्णांवर हात चालवणं अमेरिकन कॉलेजं गंभीर चूक मानतात. अभिमानाने सांगितलेली टाके घालण्याची गोष्ट अर्ज बुडवू शकते.

अर्जात, म्हणजे डीओ कॉलेजांच्या एएकोमास या सामाईक ऑनलाइन अर्जसेवेवर, प्रत्येक अनुभवाला 600 अक्षरं मिळतात. त्यातलं प्रत्येक वाक्य मुलाखतीत प्रश्न होऊन येऊ शकतं. अर्जाची छापील प्रत घ्या आणि दर अनुभवासमोर एका रुग्णाचं किंवा प्रसंगाचं, नावाशिवाय, एका ओळीचं टिपण करा. काही परीक्षकांना अर्ज मुद्दाम दाखवलेला नसतो, तेव्हा ‘अर्जात लिहिलंय’ असं म्हणून सुटका नाही.

मुलाखत घरूनच, झूमवर आहे. काय काळजी घ्यावी? (एक आई, वाशी)

पहिली काळजी घड्याळाची. अमेरिकेतला उन्हाळी वेळ (तेव्हा घड्याळ एक तास पुढे असतं) नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो. पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे 9 म्हणजे ऑक्टोबरात आपले संध्याकाळचे 6:30, पण डिसेंबरात 7:30. पश्चिम किनाऱ्यावरची दुपारी 1 ची मुलाखत ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री 1:30 ला येते, म्हणजे तारीख दुसऱ्या दिवसाची. ॲरिझोना राज्य जवळपास पूर्ण वेळ बदलतच नाही, तिथे बारमाही साडेबारा तासांचा फरक. आमंत्रण सप्टेंबरात आलं आणि मुलाखत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असली की नेमकी एक तासाची चूक होते. कॅलेंडरमध्ये नोंद कॉलेजच्या वेळेत करा, फोन भारतीय वेळ स्वतः दाखवेल.

मध्यरात्रीची मुलाखत असेल तर आधीचे तीन-चार दिवस झोपेची वेळ सरकवून घ्या. आणि निवडायला एकापेक्षा जास्त तारखा दिल्या असतील तर अनंत चतुर्दशी आणि नवरात्र बघून मगच निवडा. संध्याकाळी साडेसहा-सात म्हणजे सोसायटीच्या आरतीची वेळ.

इंटरनेटचा वेग बहुतेक घरांत पुरेसा असतो, अडचण तुटण्याची असते. लॅपटॉप वायफायऐवजी केबलने राउटरला जोडा. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. सोसायटीचं जनरेटर लगेच सुरू झालं तरी मधल्या काही सेकंदांत राउटर बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, ती मुलाखतीत फार लांब वाटतात. केबलवाल्याचा गच्चीवरचा डबा विजेविना असेल तर तुमचा यूपीएसही निरुपयोगी, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर हॉटस्पॉट तयार ठेवा. कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाचा फोन नंबर कागदावर लिहून समोर चिकटवा.

या वेळी बाहेर अंधार असतो आणि छतावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावल्या पडतात. टेबललॅम्प समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा, उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. पंख्याची घरघर माइक पकडतो, तेव्हा खोली आधी थंड करून पंखा बंद करा. कुकर, मिक्सर आणि दाराची बेल यांचं घरच्यांशी आधीच ठरवा. बोलताना नजर स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे न ठेवता कॅमेऱ्याकडे. समोर टिपणं चिकटवली तर डोळे वाचताना सरकतात आणि ते दिसतं.

आणि परीक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ नको. ‘डॉक्टर’ आणि आडनाव.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड आहे. तो विषय टाळता येईल का? (नौपाडा)

टाळता येणार नाही. एएकोमासने 2017 पासून पुन्हा दिलेल्या विषयाचा जुना ग्रेड पुसणं बंद केलं, दोन्ही ग्रेड धरले जातात. उत्तर एका मिनिटात संपवा: काय झालं, काय बदललं, त्याचा पुरावा कुठे दिसतो. ‘आठवड्याला अठरा तास नोकरी करत होतो, वेळेचा अंदाज चुकला. पुढच्या सत्रात तास कमी केले, दर रविवारी गटाने प्रश्न सोडवले, बायोकेमिस्ट्रीत ए मिळाला.’ इथे थांबायचं. प्राध्यापक शिकवायचे नाहीत हे खरं असलं तरी बोलू नका. शिस्तभंगाची नोंद असेल तर अर्जातला मजकूर आणि तोंडचं वर्णन तंतोतंत जुळायला हवं.

सूट की साडी? (खारघर)

तीन-चार तास अवघडल्याशिवाय बसता येईल ते. साडीला अजिबात हरकत नाही. राम मारुती रोडवरून घाईत आणलेला, खांद्यात आवळणारा ब्लेझर नको. बारीक चौकडी आणि रेघा कॅमेऱ्यात लुकलुकतात, एकरंगी कापड बरं.

नात बारावीला आहे, भारतीय नागरिक आहे. थेट डीओला जाता येईल का, आणि पुढे ठाण्यात दवाखाना काढता येईल का? (एक आजोबा, कळवा)

आजोबा, बारावीनंतर थेट नाही. आधी पदवी, बहुतेक कॉलेजांसाठी अमेरिका किंवा कॅनडातल्या विद्यापीठाचे ठरावीक क्रेडिट, मग एमकॅट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा. परदेशी नागरिकांना घेणारी डीओ कॉलेजं मोजकीच आहेत. त्यांना अमेरिकेच्या सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही, काही कॉलेजं फीची रक्कम आधीच बाजूला ठेवायला सांगतात, आणि खासगी कॉलेजची नुसती फी वर्षाला पन्नास ते सत्तर हजार डॉलरच्या घरात जाते.

परत येण्याचं जास्त अवघड आहे. परदेशी पदवीसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांत किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशातला परवाना, अशा अटी आहेत. नीटही उत्तीर्ण हवी. डीओ अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे 48 महिन्यांचा. परत येण्याचा विचार पक्का असेल तर आयोगाकडून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

मुलाखतीत ‘पुढे कुठे काम कराल?’ हे येतंच. राज्याच्या ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजला ‘ठाण्याला परत’ हे उत्तर रुचणार नाही आणि विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीवर नेमका परत येण्याचाच प्रश्न असतो. दोन्हीकडे दोन गोष्टी सांगून भागत नाही. अर्ज करतानाच आपल्या खऱ्या योजनेशी जुळणारी कॉलेजं निवडावी लागतात.

मुलाखत झाली. आता? (ठाणे पूर्व)

चोवीस तासांत चार-पाच ओळींचा आभाराचा ईमेल, त्यात त्या संभाषणातली एक तरी विशिष्ट गोष्ट. कॉलेजने ‘पाठवू नका’ म्हटलं असेल तर पाठवू नका. प्रतीक्षायादीत नाव असेल तर नवीन काही घडल्यावरच कळवा: नवा ग्रेड, नवं काम. ‘प्रवेश दिलात तर नक्की येईन’ हे पत्र एकाच कॉलेजला.

प्रवेश मिळाला तर जागा राखण्यासाठी काही दिवसांची मुदत असते आणि भरलेली रक्कम सहसा परत मिळत नाही. पत्रातली तारीख अमेरिकेच्या वेळेनुसार असते. पैसे इथल्या बँकेतून पाठवायचे असतील तर पॅन, ए-2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज) आणि कॉलेजचं पत्र लागतं आणि रक्कम पोहोचायला दोन-तीन कामाचे दिवस धरावे. कार्डने भरणार असाल तर ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत का आणि त्याची मर्यादा किती आहे, हे आदल्या दिवशीच बघा. शनिवारी रात्री बँकेच्या हेल्पलाइनवर ते काम होत नाही.